गळमासेमारीची साधने (बास व तत्सम शिकारी माशांसाठी)

गोड्या पाण्यातील शिकारी मासे कृत्रिम आमिषाने पकडण्यासाठी लागणारी काठी, रीळ, दोरी व आमिष यांचा संच. हा संच मुख्यतः उत्तर अमेरिकेतील बास माशाच्या मागे लागून घडला आणि तेथून जगभर गेला; येथे तो वडोदरा परिसरातील वापर ध्यानात घेऊन मांडला आहे. कणकेची गोळी किंवा गांडूळ लावून बोयाकडे डोळे लावून बसण्याची पद्धत सर्वपरिचित असल्याने तिचा विचार येथे केलेला नाही. कृत्रिम आमिषाला बहुधा वास नसतो, चव नसते. मासा फसतो तो हालचालीला. म्हणून चारही साधनांची निवड आमिष नीट फेकता व हलवता यावे या एका गरजेतून होते.

‘बास’ हे नाव सैल आहे. समुद्री बासशी या माशाचे जवळचे नाते नाही. तो सनफिश कुलातील मायक्रॉप्टेरस प्रजातीचा मासा होय. मोठ्या तोंडाच्या बासला अनेक दशके मायक्रॉप्टेरस साल्मॉयडिस म्हटले जाई. २०२२ मधील जनुकीय अभ्यासानंतर हे नाव फ्लोरिडातील जातीकडे गेले व उत्तरेकडील जातीला मा. निग्रिकान्स हे जुने नाव पुन्हा मिळाले. जुन्या पुस्तकांतील ‘साल्मॉयडिस’ वाचताना हे ध्यानात ठेवावे. या माशाचा नोंदलेला विक्रमी भार सु. १०.१ किग्रॅ. आहे (जॉर्जिया, १९३२). २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात त्याची बरोबरी झाली. जपानमध्ये हा मासा १९२५ साली बाहेरून आणलेला असून आता तेथे तो उपद्रवी परकी जाती मानला जातो.

उगम : गळाने मासे धरण्याला छंद म्हणून पहिले सविस्तर लेखन कोणाचे, हा प्रश्न वादाचा आहे. पाश्चात्य लेखक १४९६ मध्ये छापलेल्या एका इंग्रजी प्रबंधाकडे बोट दाखवतात. तो ज्युलियाना बर्नर्स या जोगिणीच्या नावावर खपतो, पण त्या श्रेयाला भक्कम आधार नाही. त्याच्या तीनशेहून अधिक वर्षे आधी कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण लिहिले. त्यात तिसाहून अधिक माशांची नावे, त्यांचे खाणे व त्यांना गळाने पकडण्याची रीत आली आहे. प्रकरणाच्या नावातच ‘विनोद’ आहे, म्हणजे हा पोटापाण्याचा धंदा नसून राजाची करमणूक आहे, हे महत्त्वाचे. ग्रंथाच्या काळाबाबत मते थोडी वेगळी आहेत. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी या प्रकरणाच्या अभ्यासात ११२७ हे साल दिले. ग्रंथातील ज्योतिषगणितात शके १०५१ चा निर्देश असल्यामुळे ११२९ ते ११३१ हा काळ अधिक ग्राह्य वाटतो. सोमेश्वराने दिलेली काही नावे आजच्या जातींशी जुळवणे मात्र अनुमानाचेच काम आहे. हा ग्रंथ छापून लोकांपुढे आला तो वडोदऱ्यातून : गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत जी. के. श्रीगोंदेकर यांनी त्याचे संपादन केले व पहिला खंड १९२५ मध्ये निघाला.

रिळाचा उगमही असाच गुंतलेला आहे. सर्वांत जुने परिचित चित्र चिनी चित्रकार मा युआन याचे असून ते साधारण ११९५ चे मानतात. त्यात होडीतल्या माणसाच्या काठीला चकरी स्पष्ट दिसते. दात्यांची चाके असलेले, मूठ एकदा फिरवली की चकरी अनेकदा फिरवणारे रीळ केंटकीतील घड्याळजी जॉर्ज स्नायडर याने १८१०–२० च्या सुमारास बनवले असे अमेरिकी लेखक सांगतात. लंडनमध्ये अशी रिळे त्याआधीच, १८ व्या शतकाच्या उत्तरार्धात विकली जात होती. तेव्हा स्नायडरला शोधाचे नव्हे, तर बाससाठी केलेल्या सुधारणेचे श्रेय देणे योग्य. स्थिर चकरीच्या रिळाचे एकस्व आल्फ्रेड इलिंगवर्थने १९०५ मध्ये इंग्लंडात घेतले. नायलॉनची दोरी १९३० च्या दशकाच्या अखेरीस व प्लॅस्टिकची मऊ अळी १९४९ च्या सुमारास आली.

निवडीचा क्रम : दुकानात ग्राहक आधी रीळ पाहतो, कारण तेच सर्वांत चमकदार असते. क्रम उलटा हवा. आधी आमिष व त्याचा भार, मग तो भार पेलणारी काठी, मग काठीवर लिहिलेल्या मर्यादेतील दोरी आणि शेवटी ती दोरी मावेल असे रीळ. काठीच्या मुठीजवळ आमिषाचा भार (उदा., ७–२१ ग्रॅ.) व दोरीची ताकद (उदा., १०–२० पौंड) छापलेली असते. त्याहून हलके आमिष काठीला वाकवत नाही, म्हणून ते दूर जात नाही. जड आमिष जोरात फेकले तर काठी टोकाजवळ मोडते.

काठी : ताकद व वाक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचीच गल्लत सर्वाधिक होते. ताकद म्हणजे काठी वाकवायला किती जोर लागतो. वाक म्हणजे ती कोठून वाकते. जलद वाकाची काठी फक्त वरच्या भागात वाकते. एकटोकी, जाड गळ माशाच्या टणक जबड्यात रुतवायला ती लागते. जिग (डोक्याशी शिसे ओतलेला गळ) व प्लॅस्टिकच्या मऊ अळीसाठी २.१ मी. लांबीची, मध्यम-जड ताकदीची, जलद वाकाची ग्रॅफाइट काठी नेहमीची. क्रँकबेट या डुबी मारणाऱ्या आमिषाला ट्रेबल म्हणजे तीन टोकांचे बारीक गळ असतात आणि मासा त्यावर स्वतःच अडकतो. तेथे ताठ काठी ओढली तर गळ मांस फाडून निसटतो. म्हणून मध्यापर्यंत वाकणारी, काचतंतूची किंवा मिश्र काठी घ्यावी. विकत घेताना प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवावा. तंतू अडकला तर कडीला चीर आहे आणि ती दोरी खरवडणार.

रीळ : नवख्याने स्थिर चकरीचे, २५०० मापाचे रीळ घ्यावे, ७ ग्रॅमखालील आमिष त्यावरच नीट जाते. त्याचा दोष म्हणजे पीळ. मासा दोरी ओढून नेत असताना मूठ फिरवत राहिले तर ६:१ च्या रिळात मुठीच्या दर फेऱ्यास ६ पीळ चढतात आणि पुढच्या फेकीला गुंता हातात येतो. फिरत्या चकरीचे बेटकास्टर रीळ १० ग्रॅमवरच्या आमिषाला व जाड दोरीला चांगले. त्यातला गुंता वेगळ्या कारणाने होतो : आमिष हवेत मंदावते आणि चकरी मात्र त्याच वेगाने दोरी सोडत राहते. उपाय असा. आमिष टोकापासून वीतभर लोंबते ठेवून अंगठा उचलावा. ते सावकाश खाली जावे व जमिनीला टेकताच चकरी थांबावी, इतका ताणाचा खटका आवळावा. चुंबकी किंवा अपकेंद्री ब्रेक आरंभी तीनचतुर्थांश लावून सरावाप्रमाणे कमी करावा. वाऱ्याविरुद्ध फेकताना तो पुन्हा वाढवावा.

गतिगुणोत्तराची जाहिरात फार होते. खरा प्रश्न मुठीच्या एका फेऱ्यात किती दोरी गुंडाळली जाते हा असतो. भरलेल्या चकरीचा व्यास ३२ मिमी. असेल तर घेर सु. १० सेंमी.; ७:१ ला ७० सेंमी., ५.४:१ ला ५४ सेंमी. खोल जाणाऱ्या क्रँकबेटला कमी गुणोत्तर बरे, कारण त्याचा पाण्याला विरोध मोठा असतो व मनगट दमते. चकरी काठापासून २–३ मिमी. खाली भरावी.

ड्रॅग म्हणजे दोरी किती ताणावर सुटेल याची बेडी. उत्तरायणात गच्चीवर पतंग उडवत वाढलेल्या वडोदरेकराला हे शिकवावे लागत नाही : ढील व खेंच यांतले तेच तारतम्य, फक्त फिरकी धरणारा दुसरा कोणी नसतो. ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या चौथाई ते तिहाईवर लावावा. १२ पौंडी (सु. ५.४ किग्रॅ.) दोरीला १.४ ते १.८ किग्रॅ.; हे ताणकाट्याने मोजावे, अंदाजावर सोडू नये.

दोरी : नायलॉन स्वस्त, गाठीला मऊ, पण ताणल्यावर चौथाईपर्यंत लांबते, दूरच्या माशाच्या जबड्यात गळ रुतत नाही तो यामुळे. ते पाणी शोषते व उन्हाने पिचते. मेमध्ये पारा चाळिशीपार जातो तेव्हा गाडीत ठेवलेली दोरी त्याच हंगामात बदललेली बरी. फ्लोरोकार्बनचा प्रणमनांक (प्रकाश वळवण्याचे माप) १.४२, पाण्याचा १.३३, नायलॉनचा सु. १.५३, म्हणून फ्लोरोकार्बन पाण्यात कमी दिसते. त्याची घनता सु. १.७८ असल्याने ते बुडते. तेव्हा तरंगत्या आमिषाला ते लावू नये, नाक खाली ओढले जाते. पॉलिएथिलीनची वेणीदोरी तरंगते, जवळपास ताणत नाही व त्याच ताकदीला बरीच बारीक असते; पण गुळगुळीत चकरीवर घसरते. तिच्याखाली ८–१० मी. नायलॉन गुंडाळावे, नाहीतर ड्रॅग कितीही आवळला तरी सगळे वेटोळेच फिरते. वेणीला पॅलोमार गाठ, नायलॉनला पाच वेढ्यांची क्लिंच. आवळण्यापूर्वी गाठ ओली करावी. कोरडी आवळली की घर्षणाच्या उष्णतेने दोरी गाठीतच कमजोर होते, आणि माशाला मात्र उगाच मोठा म्हटले जाते.

आमिषे : प्रकार शेकडो असले तरी पाण्याच्या थरानुसार तीन गट पुरतात : पृष्ठावरची (पॉपर, पोकळ बेडूक), मधल्या थराची (क्रँकबेट, फिरत्या पात्याचे स्पिनरबेट) व तळाची (जिग, मऊ अळी). क्रँकबेटची ओठासारखी पट्टी जितकी लांब व आडवी, तितके ते खोल जाते. स्वच्छ पाण्यात माशासारखे फिके रंग, गढूळ पाण्यात काळा किंवा पोपटी-पिवळा. अळीची ‘टेक्सास’ जोडणी अशी : गोळीच्या आकाराचे ३.५–१० ग्रॅ. शिसे टोक काठीकडे करून दोरीत ओवावे. ३/० मापाचा मानमोड्या (मानेशी दुमडलेला) गळ बांधावा. टोक अळीच्या डोक्यात ५–६ मिमी. घालून बाजूने काढावे, गळ उलटवून टोक पुन्हा अंगात लपवावे. अळी सरळ लोंबली पाहिजे. वाकडी राहिली तर ओढताना गरगरते, मासा फिरकत नाही आणि दोरीला पीळ बसतो तो वेगळाच.

वडोदरा परिसर : मही, ओरसंग, नर्मदा या नद्या व आजवा जलाशय अशा येथील पाण्यात बासच्या जागी मरळ (चन्ना प्रजाती) धरून चालावे, वनस्पतींच्या आडोशाला दबा धरण्याची सवय दोघांत सारखी आहे. मरळ हवा घ्यायला वर येते, त्यामुळे जागा कळते. तिला पोकळ रबरी बेडूक, ४०–५० पौंडी वेणीदोरी व जड, जलद वाकाची काठी लागते. बारीक दोरी शेवाळात व कमळाच्या देठांत अडकून तुटते. पाणी उसळताच हिसका देऊ नये, एक-दोन सेकंद थांबून मग द्यावा; बेडूक तोंडात पुरता गेलेला नसतो. तांबूस पिल्लांचा थवा पृष्ठावर दिसला तर खाली आईबाप राखण करत असतात; तेथे आमिष टाकू नये, कारण ते भुकेने नव्हे तर रागाने धावतात व पिल्ले उघडी पडतात. शिवडा या माशासाठी वेणीपुढे जाड नायलॉनचा अर्धा मीटर तुकडा जोडावा, त्याचे बारीक दात वेणी कापतात.

विश्वामित्री नदीत, शहराच्या मधोमधसुद्धा, मगरी आहेत, आजव्यातही आहेत. पाण्यात उतरून फेकणे किंवा अडकलेले आमिष सोडवायला जाणे वर्ज्य. काठापासून दोन-तीन मीटर मागे उभे राहावे, म्हणजे येथे २.१ मी. पेक्षा आखूड काठी गैरसोयीची. तलावांचे मासेमारी हक्क बहुधा ठेक्याने दिलेले असतात, परवानगी आधी घ्यावी. तुटलेली दोरी तेथे टाकू नये. नायलॉनच्या मांजाने पक्ष्यांचे जे होते तेच तिनेही होते.

जपणूक : घरी आल्यावर ड्रॅगची बेडी सैल करावी, आतील चकत्या दबून राहिल्या तर पुढे दोरी धक्क्याधक्क्याने सुटते. गळ वाळवूनच पेटीत ठेवावेत. मऊ अळ्या कडक प्लॅस्टिकच्या आमिषांशेजारी ठेवू नयेत. त्यांतील मृदुकारक द्रव्य पाझरते आणि उन्हाळ्यात आठवडाभरात दोन्हींचा चिकट लगदा होऊ शकतो.