जॉन्सन, अँड्रू

जॉन्सन, अँड्रू : (२९ डिसेंबर १८०८ – ३१ जुलै १८७५). अमेरिकेचे सतरावे राष्ट्राध्यक्ष. लिंकन यांच्या हत्येमुळे हे पद त्यांच्याकडे आले. त्यांचे राजकारण मात्र घडले टेनेसी राज्यातल्या ग्रीनव्हिल या लहानशा गावात, शिंप्याच्या दुकानात.

जन्म नॉर्थ कॅरोलायनातील रॅली येथे, अत्यंत गरीब घरात. वडील लवकर वारले. आईने त्यांना जेम्स सेल्बी या शिंप्याकडे उमेदवारीला ठेवले. करार वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंतचा. कारागिरांचे हात सुईदोऱ्यात गुंतलेले असताना गावातले कोणी येऊन त्यांना भाषणे वाचून दाखवी. शाळेची पायरीही न चढलेल्या मुलाला वक्तृत्वाची गोडी लागली ती अशी. १८२४ मध्ये ते भावासह पळाले, तेव्हा पकडून आणणाऱ्यास सेल्बीने दहा डॉलरचे बक्षीस लावले.

१८२६ मध्ये ते ग्रीनव्हिलला आले. पुढल्या वर्षी एलायझा मकार्डल यांच्याशी लग्न झाले. नीट लिहायला आणि हिशेब करायला जॉन्सन यांना पत्नीनेच शिकवले. दुकानात गिऱ्हाइकांइतकीच वाद घालणाऱ्यांचीही वर्दळ असे. १८२९ मध्ये जॉन्सन नगरसेवक झाले, १८३४ मध्ये नगराध्यक्ष, १८३५ मध्ये राज्य विधिमंडळाचे सदस्य. तेथे रस्ते व रेल्वेवरील सरकारी खर्चाला त्यांनी विरोध केला. मतदारांना मात्र नेमका तोच खर्च हवा होता, त्यामुळे १८३७ मध्ये ते पडले. १८३९ मध्ये पुन्हा निवडून आले आणि १८४१ मध्ये राज्याच्या सिनेटमध्ये गेले.

जॉन्सन यांनी दहा वर्षे काँग्रेसमध्ये, म्हणजे देशाच्या संसदेत, काढल्यावर विरोधी व्हिग पक्षाने त्यांच्या मतदारसंघाची मोडतोड केली, म्हणून १८५३ मध्ये त्यांनी गव्हर्नरपद लढवले आणि जिंकले. त्या काळी टेनेसीच्या गव्हर्नरला नकाराधिकारसुद्धा नव्हता. तरी सार्वजनिक शाळांसाठी राज्यात प्रथमच कर बसला तो त्यांच्याच कारकिर्दीत, १८५४ मध्ये. शिंपी म्हणून कोणी हिणवले, तर आपले कपडे अंगाला बरोबर बसत आणि वेळेवर मिळत, असे ते भर सभेत सुनावत.

बड्या मळेवाल्यांवरचा त्यांचा राग खराच होता, पण त्यांच्या लेखी कष्टकरी म्हणजे गोरा कष्टकरी. त्यांनी स्वतः गुलाम बाळगले होते आणि राष्ट्राध्यक्ष असताना, १८६६ मध्ये, मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना नागरी हक्क देणारे विधेयक नाकारले; काँग्रेसने ते त्यांना डावलून मंजूर केले. १८६८ च्या महाभियोगातून ते एका मताने वाचले. १८७५ मध्ये टेनेसीने त्यांना देशाच्या सिनेटवर पुन्हा पाठवले. त्यानंतर काही महिन्यांतच त्यांचे निधन झाले.