बाणबूक वाचताना

स्वीडिशमध्ये मुलाला 'बाण' म्हणतात. लिहिताना बी-ए-आर-एन अशी चार अक्षरं येतात, पण स्टॉकहोमकडचा माणूस शेवटचे र आणि न सुटे उच्चारत नाही, दोन्ही मिळून सरळ आपला 'ण' होतो. र आणि त शेजारी आले की 'ट' होतो. (दक्षिणेकडच्या स्कोने प्रांतात असं होत नाही.) युरोपात सहसा न भेटणारे हे उच्चार मराठी जिभेला आयतेच येतात. तर, मुलांचं पुस्तक म्हणजे 'बाणबूक'.

भाषा शिकायला लागलेल्या प्रत्येकाला कोणीतरी सांगतंच: लायब्ररीतून बाणबुकं आण, सोपी असतात. सल्ला उत्तम आहे, पण त्यामागचं कारण अर्धंच खरं आहे.

मजकूर किती सोपा हे मोजण्यासाठी स्वीडनमध्ये 'लिक्स' नावाचं माप आहे. कार्ल-हूगो ब्यॉर्नसन यांनी १९६८ साली ते मांडलं. एका वाक्यात सरासरी किती शब्द आहेत ते मोजायचं, सहापेक्षा जास्त अक्षरांचे शब्द शेकडा किती ते काढायचं आणि दोन्हींची बेरीज करायची. बाणबुकांचा लिक्स साधारण ३०च्या खाली असतो, सरकारी कागदपत्रांचा सहज ५०च्या वर जातो. आता मीच रचलेली ही दोन वाक्यं बघा: 'कत्तेन सोवेर. देन वाकनार ओ एतेर उप्प फिस्केन.' दोन वाक्यांत आठ शब्द, म्हणजे सरासरी चार. लांब शब्द एकही नाही. लिक्स फक्त ४! याहून सोपं काय असणार?

शब्दकोश उघडून बसू या. 'कत्त' म्हणजे मांजर. 'कत्तेन' म्हणजे आपण ज्याच्याबद्दल बोलतोय ते मांजर. ही खूण स्वीडिश भाषा नामाच्या शेपटीला लावते. ते झोपलंय, मग जागं होतं. 'एतेर' म्हणजे खातं, 'उप्प' म्हणजे वर, 'फिस्केन' म्हणजे मासा. मांजर मासा वर खातं? इथे नवशिक्या अडकतो, कारण शब्द दोन्ही ओळखीचे आणि अर्थ मात्र लागत नाही. 'एता उप्प' ही जोडी आहे आणि तिचा अर्थ आहे 'खाऊन टाकणं'. मराठीत 'टाकणं' जे काम करतं, तेच इथे 'उप्प' करतं: क्रिया पुरी झाली, ताटलीत काही उरलं नाही. 'द्रिका उप्प' म्हणजे पिऊन टाकणं. 'खाऊन टाक'मध्ये काही टाकायचं नसतं हे आपल्याला कधी कोणी शिकवलं? स्वीडिश मुलालाही 'उप्प' कोणी शिकवलेलं नसतं.

खरी मेख इथेच आहे. बाणबूक ज्या मुलासाठी लिहिलेलं असतं, त्याने पाच वर्षं दिवसभर ती भाषा ऐकलेली असते. त्याला वाचायला शिकायचं असतं, भाषा त्याला येतेच. आपलं नेमकं उलटं. वाचनाच्या अभ्यासकांमध्ये २०००च्या हू आणि नेशन यांच्या प्रयोगाचा दाखला नेहमी दिला जातो: गोष्ट कोणाच्या मदतीशिवाय नीट समजायची तर त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द माहीत असावे लागतात. म्हणजे शंभर शब्दांत फक्त दोन अनोळखी चालतात. परक्या वाचकाला बाणबुकात हे प्रमाण सुरुवातीला मुळीच गाठता येत नाही. जंगलातले पक्षी, गोठ्यातल्या वस्तू, चेटकिणीचा झाडू असे शब्द तिथे धडाधड येतात आणि भाजीच्या दुकानात त्यातला एकही कामी येत नाही. म्हणून स्वीडनमध्ये मोठ्यांसाठी मुद्दाम सोप्या भाषेत लिहिलेली 'लेतलेस्त' पुस्तकं १९६८पासून निघतात, आणि '८ सीदूर' म्हणजे '८ पानं' हे सोप्या स्वीडिशमधलं वृत्तपत्र १९८४पासून. अगदी पहिल्या महिन्यांत मी तीच हातात देईन.

मग बाणबुकं का वाचायची? बोलण्यासाठी. त्यांची पानंच्या पानं संवादांनी भरलेली असतात आणि त्या संवादांत 'यू', 'वेल', 'नूग' असे चिमुकले शब्द पेरलेले असतात. शब्दकोशात त्यांच्यापुढे चार-चार अर्थ असतात आणि एकही लागू पडत नाही. पण 'दू कॉम्मेर वेल?' म्हणजे सरळ 'येशील ना?' आणि 'हान कॉम्मेर नूग' म्हणजे 'येईल बहुतेक'. हे 'ना' वगळलं तर वाक्य चुकत नाही, फक्त त्यातला माणूस निघून जातो. मला बाणबुकं आवडतात ती यासाठी.

नातीही तिथेच भेटतात. 'मूर' म्हणजे आई, 'सिस्तेर' म्हणजे बहीण, आणि दोन्ही मिळून 'मुस्तेर', म्हणजे मावशी. आपली मावशीही संस्कृत 'मातृष्वसा'वरून, आई आणि बहीण याच जोडीतून आली आहे. आजीच्या बाबतीत स्वीडिश आपल्याहून काटेकोर आहे: आईची आई 'मुरमुर', वडिलांची आई 'फारमुर'.

एक पुस्तक संपलं की लगेच दुसरं उचलू नका. तीन वर्षांच्या मुलांवर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकलेल्या मुलांना तिच्यातले नवे शब्द वेगवेगळ्या गोष्टी ऐकलेल्या मुलांपेक्षा चांगले आले. प्रयोग मुलांवरचा असला तरी माझा अनुभव तोच आहे. पहिल्या वाचनात गोष्ट कळते, चौथ्यात 'यू' दिसायला लागतो. फार जुन्या आवृत्त्या मात्र टाळा. सेल्मा लागरलॉफ यांचं नील्स होल्गरसनचं पुस्तक (१९०६-०७) शाळकरी मुलांना स्वीडनचा भूगोल कळावा म्हणून लिहिलं गेलं, पण मूळ रूपात त्यात क्रियापदांची अनेकवचनं येतात. 'आम्ही आहोत'साठी तेव्हा 'वी ॲरू' असं लिहीत, आज फक्त 'वी ॲर' म्हणतात.

आणि पुस्तकासोबत त्याचं ध्वनिमुद्रण हवंच. 'आन्देन' हा एकच लिखित शब्द एका सुरात 'ते बदक' आणि दुसऱ्या सुरात 'तो आत्मा' होतो. कागदावर सूर दिसत नाही.

गोथेनबर्गच्या ट्राममध्ये एकदा एक छोटी आपल्या जॅकेटची चेन ओढत होती. आई नुसती बघत होती. चेन शेवटी वर सरकली तशी आई म्हणाली, "दू कान यू!" तुला येतंय की!