कचरा डेपोजवळची विहीर आणि बोअर : पाणी तपासून घेण्याआधी हे वाचा

कचऱ्याच्या ढिगात पावसाचे पाणी मुरते, कुजणाऱ्या ओल्या कचऱ्याचा रस त्यात उतरतो आणि तळातून काळपट, उग्र वासाचे पाणी झिरपते. यालाच लिचेट म्हणतात. ते थोडेथोडके नसते. एक हेक्टर ढिगावर 700 मिमी पाऊस पडला म्हणजे 70 लाख लिटर पाणी आले. त्यातला पाचवा हिस्सा मुरला तरी 14 लाख लिटर. घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 मध्ये कचरा-भरावाच्या तळाशी 90 सेंमी चिकणमाती आणि तिच्यावर 1.5 मिमी जाडीचा एचडीपीई (प्लास्टिकचा) कागद सांगितला होता. जुने डेपो मात्र बहुधा उघड्या जमिनीवरच वाढले. छत्रपती संभाजीनगरच्या नारेगाव डेपोवर 2018 मध्ये ग्रामस्थांच्या आंदोलनानंतर कचरा टाकणे थांबले. पण कोणताही डेपो बंद झाला म्हणून झिरपणे थांबत नाही; ढीग जागेवर आहे तोवर दर पावसाळ्यात ते चालूच राहते.

नांदेडच्या पूर्वेकडचा ग्रॅनाइटचा पट्टा सोडला तर मराठवाडा बहुतेक बेसाल्टवर बसला आहे. वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या किंवा भेगाळ खडक, त्याखाली काळा पाषाण. काळ्या मातीतून एरवी पाणी लवकर जात नाही, पण उन्हाळ्यात ती फाटते आणि मृगाचा पहिला पाऊस त्या भेगांतून थेट मुरमात उतरतो. खडकातले पाणी भेग जाईल तिकडे जाते. त्यामुळे डेपोपासून 200 मीटरवरची विहीर चांगली आणि 500 मीटरवरची बिघडलेली, असे होऊ शकते. जोरात उपसा असलेला बोअर भोवतालचे पाणी आपल्याकडे ओढतो. केसिंग (बोअरच्या वरच्या भागात बसवलेला पाइप) मुरमातच अर्धवट सोडले असेल किंवा त्याच्या बाहेरची फट बुजवलेली नसेल, तर वरचे घाण पाणी त्याच वाटेने खोल पाण्यात उतरते. अशा वेळी बोअर आणखी खोल नेऊन फायदा होत नाही.

आमच्या प्रयोगशाळेचा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: एका विहिरीचा रिपोर्ट घेऊन निष्कर्ष काढू नका. आपल्या भागात टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) आणि कठीणपणा मुळातच जास्त असू शकतो. नायट्रेट खतातून, गोठ्यातून, शौचालयाच्या खड्ड्यातूनही येते. म्हणून डेपोच्या वरच्या अंगाच्या (चढाकडच्या), त्याच खडकातल्या विहिरीचा नमुना सोबत द्या. दोन्हींतला फरक हाच खरा रिपोर्ट.

पहिल्या वेळी क्लोराइड, अमोनिया, नायट्रेट, टीडीएस, सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचे माप), पोटॅशियम, लोह आणि मँगनीज पुरेत. क्लोराइड मातीत अडकत नाही, म्हणून लिचेटची चाहूल बहुधा त्यातूनच लागते. पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 मानकात ते 250 मिग्रॅ प्रति लिटरपर्यंत चालते, दुसरा स्रोत नसेल तर 1000 पर्यंत. अमोनिया 0.5 आणि नायट्रेट 45, यांत सवलत नाही. डेपोच्या अगदी जवळ पाण्यात प्राणवायू नसल्याने अमोनिया जास्त आणि नायट्रेट कमी दिसते. पुढे गेल्यावर त्याच अमोनियाचे नायट्रेट होते. म्हणून नुसते नायट्रेट कमी आले म्हणून निर्धास्त होऊ नका. शिसे, कॅडमियमची महागडी तपासणी लगेच नको. डेपोवर बॅटऱ्या किंवा कारखान्याचा कचरा पडत असेल तर मात्र कराच.

घरी दिसणारी दोन लक्षणे. हंड्यात भरताना पाणी स्वच्छ, पण तास-दोन तासांत पिवळसर-तांबडे होऊन तळाला गाळ बसतो: हे हवेशी गाठ पडताच बाहेर पडलेले लोह. गंजलेल्या केसिंगनेही असे होते. दुसरे, टीसीएल (ब्लिचिंग पावडर) टाकल्यावर ओटी चाचणीत (पाण्यातले क्लोरीन रंगावरून पाहण्याची चाचणी) पिवळा रंग लगेच न येता हळूहळू येतो. ते मोकळे क्लोरीन नसून अमोनियाने बांधलेले असते आणि जंतू मारायला फार दुबळे पडते. अमोनियातल्या 1 मिग्रॅ नायट्रोजनसाठी साधारण 8 ते 10 मिग्रॅ क्लोरीन खर्ची पडते, मगच मोकळे क्लोरीन उरू लागते.

नमुना मे महिन्यात एकदा आणि ऑक्टोबरमध्ये एकदा घ्या. रोजचा बोअर 10-15 मिनिटे, बंद पडलेला किमान अर्धा तास चालवून मगच पाणी भरा, टाकीतले नको. एक लिटरची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा. लोह-मँगनीज आणि अमोनिया-सीओडीसाठी आम्ही आम्ल घातलेल्या वेगळ्या बाटल्या देतो. त्या विसळू नका, आम्ल सांडून जाते. जंतूंच्या निर्जंतुक बाटलीत वर थोडी जागा सोडा आणि ती बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत पोहोचवा. शीतपेयाची रिकामी बाटली आणल्यास नमुना घेतला जाणार नाही.

पाणी उकळून क्लोराइड, नायट्रेट जात नाही, उलट आटल्याने वाढते. तुरटीनेही ते हटत नाही. आरओने बरेच कमी होते, पण त्यातून बाहेर पडणारे खारे पाणी पुन्हा त्याच विहिरीच्या कडेला सोडू नका. अमोनिया आणि क्लोराइड दोन्ही वरच्या विहिरीपेक्षा स्पष्ट जास्त आले, तर पिण्यासाठी दुसरा स्रोत धरा आणि रिपोर्टची प्रत ग्रामपंचायतीला व भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाला द्या.

बाटलीवर तारीख-वेळ, गट क्रमांक, बोअरची खोली, केसिंग किती फूट, डेपोपासूनचे अंदाजे अंतर आणि जमिनीचा उतार कोणीकडे, एवढे लिहून आणा.