गाठीचा स्वभाव सांगणारे गॅडोलिनियम

जळगाव किंवा धुळ्याच्या निदान केंद्रात एमआरआयची चिठ्ठी दाखवली की ‘साधा की कॉन्ट्रास्ट?’ असे विचारतात आणि कॉन्ट्रास्ट असेल तर बहुधा मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते सांगणाऱ्या क्रिएटिनिन या रक्ततपासणीचा रिपोर्टही मागतात. अनेकांना हा खर्च वाढवण्याचा प्रकार वाटतो. गाठ कुठे आहे हे साधा एमआरआयही बऱ्याचदा दाखवतो. ती कशी वागते हे कळण्यासाठी मात्र शिरेतून दिलेल्या कॉन्ट्रास्ट औषधाची मोठी मदत होते.

हे औषध म्हणजे गॅडोलिनियम या धातूचे संयुग. त्याच्या आयनातील सात अयुग्मित (जोडीदार नसलेल्या) इलेक्ट्रॉनांमुळे यंत्राने विचलित केलेली आसपासच्या पाण्यातील हायड्रोजनची केंद्रके लवकर पूर्वस्थितीला येतात आणि तो भाग टी-१ प्रकारच्या चित्रात उजळतो; म्हणजे चित्रात दिसतो तो धातू नव्हे, तर त्याचा पाण्यावर झालेला परिणाम. मोकळा गॅडोलिनियम विषारी असल्याने तो दुसऱ्या रेणूच्या घट्ट पकडीत बांधूनच देतात.

वाढणारी गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या घाईने उभारते. केळीच्या बागेत घाईत जोडलेले ठिबक सांध्यासांध्यातून गळावे, तसे या कच्च्या वाहिन्यांतून औषध ऊतींत पाझरते. त्यामुळे गाठ किती उजळली यापेक्षा ती केव्हा उजळली आणि केव्हा मावळली, हे मला अधिक बोलके वाटते. स्तनातील गाठ चटकन उजळून काही मिनिटांतच फिकी पडू लागली, तर कर्करोगाचा संशय बळावतो. यकृताच्या कर्करोगाची गाठ धमनीतून रक्त येताच उजळते आणि पुढच्या टप्प्यात आजूबाजूच्या यकृतापेक्षा काळसर होते, तर रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ बहुधा कडेकडेने उजळत सावकाश मध्यापर्यंत भरत जाते. मेंदूत रक्त आणि ऊती यांमधला अडसर शाबूत असेल, तर औषध आत शिरतच नाही. म्हणून तिथला उजळ डाग म्हणजे तो अडसर मोडल्याची खूण. पण जंतुसंसर्गात आणि रेडिएशनने मृत झालेल्या ऊतींतही तो मोडतो, त्यामुळे पुष्कळदा शेवटचा शब्द बायोप्सीचाच असतो.

क्रिएटिनिनची चौकशी होते ती औषध मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते म्हणून. मूत्रपिंडे फार निकामी असलेल्या काही रुग्णांमध्ये त्वचा आणि अवयव कठीण होण्याच्या गंभीर विकाराशी याचा संबंध २००६ मध्ये समोर आला. त्यानंतर धातूला अधिक घट्ट धरणाऱ्या वलयाकार रेणूंच्या औषधांना पसंती मिळत गेली. त्यांत हा धोका अत्यंत कमी आहे.