हरभऱ्याच्या वाणांचे ‘स्थैर्य’: या मोजमापाची पार्श्वभूमी

हरभऱ्याच्या नव्या वाणाची शिफारस करताना ‘उत्पादनात स्थैर्य’ या गुणाचा उल्लेख बहुधा होतो. त्यामागचा हिशेब मात्र हरभऱ्यासाठी मांडलेला नव्हता. १९६३ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात जवाच्या २७७ वाणांच्या चाचण्यांतून एक सोपी रीत पुढे आली. एका ठिकाणी एका हंगामात सगळ्या वाणांनी दिलेली सरासरी हाच त्या परिसराचा निर्देशांक धरायचा, आणि एकेका वाणाचे उत्पादन त्यासमोर मांडून रेषेचा चढ काढायचा. चढ एकाहून कमी असला तर तो वाण चांगल्या-वाईट हंगामात फारसा हलत नाही. जास्त असला तर पाणी-खत मिळताच उसळी घेतो.

१९६६ मध्ये मक्याच्या अभ्यासातून या रीतीला कसोटीचे रूप मिळाले: सरासरी जास्त, चढ नेमका एक, रेषेपासूनचे विचलन शून्य. भारतात १९६७ पासून कडधान्यांच्या चाचण्या देशपातळीवर एकत्र बांधल्या गेल्या. पुढे कृषी विद्यापीठांतल्या असंख्य प्रबंधांनी हीच कसोटी तूर, मूग, हरभऱ्याला लावली.

खरा वाद इथेच आहे. चढ एक म्हणजे परिसर जितका घसरेल तितकाच वाणही घसरणार. मक्याच्या सुपीक पट्ट्यात हे चालून गेले, कारण तिथे चांगल्या हंगामाचा फायदा सोडणे हाच तोटा. आपल्याकडे हरभरा रब्बीत, बराचसा जमिनीतल्या उरलेल्या ओलीवर येतो. ऑक्टोबरात परतीचा पाऊस चुकला किंवा घाटे भरताना फेब्रुवारीत ऊन तापले की उतारा कोसळतो. अशा शेतकऱ्याला वाईट वर्षात चार पोती जास्त देणारा वाण हवा, म्हणजे सरासरी बरी आणि चढ एकाहून कमी. कसोटी मात्र त्याला ‘प्रतिकूल परिसरापुरता’ असा शिक्का मारून बाजूला ठेवते. शिवाय निर्देशांक सोबतच्या वाणांवरूनच ठरत असल्याने सोबती बदलले की त्याच वाणाचा चढही बदलतो. चाचणीत प्रयोगातल्या त्रुटीमुळे येणाऱ्या चढउताराची टक्केवारी फार वाढली की ती चाचणी एकत्रित सरासरीत न धरण्याचा प्रघातही आहे. संख्याशास्त्राच्या दृष्टीने तो रास्त आहे. पण अवर्षणाने विस्कटलेली चाचणी गळते तेव्हा वाणाची परीक्षा पाहणारे वर्षच कागदावरून जाते, आणि हे मला गंभीर वाटते.

दरम्यान पीकच जागचे हलले. उत्तरेत सिंचन वाढले, गहू आला आणि हरभरा मध्य व दक्षिण भारताकडे सरकला. थंड, लांब हंगामात निवडलेले उशिरा येणारे वाण इथल्या आखूड हिवाळ्यात टिकेनात. मर रोगाने आणखी गुंता केला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हा रोग आणणाऱ्या बुरशीचे चार उपप्रकार वेगवेगळ्या भागांतून नोंदले गेले, म्हणजे एका ठिकाणचा प्रतिकारक वाण दुसरीकडे बळी पडू शकतो. १९९४ मधला ‘विजय’ हा वाण महाराष्ट्रात रुजला तो मर रोगाला तोंड देतो म्हणून, आणि जिरायत, बागायत, उशिरा पेरणी या तिन्हींत चालतो म्हणूनही. जिरायतीत तो ८५ ते ९० दिवसांत निघतो, पाणी मिळाले तर १०५ ते ११० दिवस घेतो. परिसर पाहून मुदत आखडती घेणे हाही स्थैर्याचाच भाग आहे, पण चढाच्या आकड्यात तो वेगळा दिसत नाही. १९९९ मधल्या ‘जेजी ११’ ने आंध्रच्या काळ्या रानांत हरभरा पसरवला, त्यातही लवकर येण्याचा आणि मर रोगाला दाद न देण्याचा मोठा वाटा होता.

१९८० च्या दशकाच्या अखेरीपासून बहुचल विश्लेषण (अनेक वाण आणि अनेक परिसर एकत्र पाहणारी गणिती रीत) आणि २००० च्या सुमाराचे द्विआलेख (वाण व परिसर दोन्ही एकाच आलेखावर दाखवणारे) आले. कोणता वाण कोणत्या परिसरात सरस, हे त्यांत एका नजरेत दिसते. वर्षांचा प्रश्न मात्र तसाच राहिला. प्रसारणापूर्वी वाण अनेक ठिकाणी, पण साधारण तीनच हंगाम तपासला जातो. कोरडवाहूत जागेइतकाच, कधी जास्तच, फरक वर्षावर्षांत पडतो. इकडे बियाण्याच्या अनुदानात १० वर्षांआतील वाणांना झुकते माप आहे. नवे वाण शेतापर्यंत पोहोचावेत हा हेतू योग्यच आहे. पण दोन-तीन दुष्काळ पाहून शेतकऱ्यांनी पारखलेला वाण तोवर या मुदतीबाहेर गेलेला असतो.