शून्य नव्हे, 'ओ': हरितलवकातल्या एटीपी सिंथेजची पार्श्वभूमी

कॉलेजं सुरू झाली की ठाण्यात नौपाड्यातल्या झेरॉक्सच्या दुकानांत अकरावीच्या नोट्सचे गठ्ठे दिसू लागतात. जीवशास्त्राच्या गठ्ठ्यात प्रकाशसंश्लेषणापाशी एक आकृती ठरलेली: हरितलवकातल्या (पानांच्या पेशींतल्या हिरव्या कणांतल्या) पटलात, म्हणजे पातळ पडद्यात, रुतलेली, भूछत्रासारखी वस्तू. हीच एटीपी सिंथेज, पेशीला ऊर्जा पुरवणारा एटीपी हा रेणू घडवणारं विकर (एन्झाइम). वरच्या टोपीला सीएफ-वन आणि पटलात बुडालेल्या देठाला बऱ्याचदा सीएफ-झीरो लिहिलेलं. तिथे शून्य नाही, 'ओ' आहे. ऑलिगोमायसिन नावाच्या प्रतिजैविकाचा. हे अक्षर तिथे कसं आलं ते सांगायचं, तर पालकापासून सुरुवात करावी लागते.

1954 साली कॅलिफोर्नियात बर्कलीला डॅनियल आर्नन आणि सहकाऱ्यांनी पालकाच्या पानांतून हरितलवकं वेगळी काढली, त्यांच्यावर उजेड टाकला आणि ती स्वतःच एटीपी बनवतात हे दाखवून दिलं. (आपण जांभळी नाक्यावरून आणतो ती पालकाची जुडी बहुतेकदा बीटाच्याच जातीची असते. प्रयोगशाळांतला विलायती पालक वेगळा. फार तर चुलत भावंडं.)

उजेडातली ऊर्जा एटीपीत उतरते कशी, हे मात्र कळत नव्हतं. मधे ऊर्जेने भरलेलं एखादं रसायन असणार, असं धरून शोधाशोध चालली होती. ते काही सापडेना. 1961 साली पीटर मिचेल या इंग्रज शास्त्रज्ञाने मांडलं की असं रसायन नाहीच. पटलाच्या एका अंगाला प्रोटॉन साठतात, बंधाऱ्याला पाणी तटावं तसे, आणि तो दाबच एटीपी घडवतो. पुष्कळांना हे पटलं नाही.

या इतिहासातला माझा आवडता प्रयोग 1966 चा, आंद्रे जेगनडॉर्फ आणि अर्नेस्ट युरिबे यांचा. जवळजवळ स्वयंपाकघरातला वाटावा असा. त्यांनी अंधारात पालकाची हरितलवकं आधी सामू (पीएच) 4 च्या आंबट द्रावणात ठेवली. आंबटपणा आतपर्यंत पोचला. मग एडीपी आणि फॉस्फेट, म्हणजे एटीपीचा कच्चा माल, घालून सगळं एकदम सामू 8 वर नेलं. आत आम्ल, म्हणजे प्रोटॉनची गर्दी, बाहेर अल्क. उजेडाचा किरणही नसताना एटीपी तयार! मिचेलला 1978 साली नोबेल मिळालं.

टोपी लवकर हाती लागली होती, कारण ती पाण्यात सुटते. एफ्रेम रॅकरच्या गटाने ती 1960 साली गुरांच्या हृदयातल्या तंतुकणिकांतून (प्राण्यांच्या पेशींतल्या एटीपी बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांतून) आणि 1965 पर्यंत हरितलवकांतून वेगळी केली. देठ पटलातल्या स्निग्ध थरात रुतलेला, म्हणून मागे राहिला. तंतुकणिकेतलं विकर ऑलिगोमायसिनने बंद पडतं, पण देठ जोडलेला असेल तरच. म्हणून 'ओ'. गंमत अशी, की हरितलवकातलं विकर या औषधाला फारशी दाद देत नाही. नाव तेवढं चिकटलं.

देठ म्हणजे नुसतं बूच नव्हे. त्यात 'सी' प्रथिनांचं गोल कडं असतं आणि त्याला खेटून 'ए' नावाचं प्रथिन. 'ए'मध्ये प्रोटॉनला आरपार वाट नाही. दोन अर्ध्या वाटा आहेत, एकमेकींसमोर न येणाऱ्या. जत्रेतल्या पाळण्यासारखं समजा. प्रोटॉन एका वाटेने येऊन कड्यात बसतो, जवळजवळ पूर्ण फेरी मारतो आणि दुसऱ्या वाटेने उतरतो. कड्याबरोबर मधला दांडा फिरतो आणि टोपीत दर फेरीला तीन एटीपी होतात. दांडा खरोखर फिरतो हे 1997 साली जपानी संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तेही एका जिवाणूच्या टोपीत. टोपीच्या कामाचा उलगडा केल्याबद्दल पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना नोबेल मिळालं तेही त्याच वर्षी.

पाळण्यात जागा किती? 12 असाव्यात असा कयास होता. म्हणजे एका एटीपीला चार प्रोटॉन, सोपा हिशोब. 2000 साली पालकाचं कडं प्रत्यक्ष मोजलं तर 14 निघाल्या. आपल्या तंतुकणिकांत 8 वर भागतं, त्यामुळे तेवढ्याच एटीपीसाठी झाडाला बरेच जास्त प्रोटॉन खर्चावे लागतात. 2018 साली जर्मन संशोधकांनी अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने अख्ख्या यंत्राची रचना मांडली. प्रथिनांच्या 26 साखळ्या, आणि 'ए'मधल्या दोन्ही वाटा जागच्या जागी. पाहिलं ते यंत्रही पालकाचंच.