साखरेच्या पोत्यातून रानाचा कस जात नाही

बेळगाव जिल्ह्यात, हुक्केरी तालुक्यात कट्ट्यावर बसलो असताना एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "मास्तर, आमच्या रानाचा कस साखरेच्या पोत्यातनं चालला बघा." चिकोडी-निपाणीकडंही हे पुष्कळदा ऐकलंय. कस जातो हे खरं. पण तो पोत्यातून जात नाही.

साखरेच्या रेणूत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन एवढंच असतं. म्हणजे हवा आणि पाणी. ५० किलोच्या पोत्यात सुमारे २१ किलो कार्बन असतो आणि त्यासाठी उसानं हवेतला जवळपास ७७ किलो कार्बन डायऑक्साइड ओढलेला असतो. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) या पोत्यात नावापुरतेही नसतात. मग ते जातात कुठं?

पालाशचा माग काढू, मला तो फार आवडतो. पानात तयार झालेली साखर कांड्यांत पोचवायला पालाश लागतो, पण साखरेचा भाग तो कधीच होत नाही. गाळपात तो रसाबरोबर निघतो. रस आटवून दाणा पाडताना स्फटिक आपल्याच जातीचे रेणू रचून घेतो. पालाशला तिथं जागा नसते, म्हणून तो मळीत, म्हणजे दाणा काढल्यावर उरणाऱ्या काळ्या पाकात, साठत जातो. डिस्टिलरीत यीस्ट मळीतली साखर खाऊन इथेनॉल करतं आणि पालाश स्पेंटवॉशमध्ये, म्हणजे मागं राहिलेल्या काळ्या पाण्यात, उरतो. हेच काळं पाणी ओढ्यात सुटलं, तर त्यातलं सेंद्रिय द्रव्य कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. आटवून बॉयलरमध्ये जाळलं, तर राखेत पालाश सापडतो. कॅनडा-रशियाहून जहाजानं येणारं पोटॅश ज्याच्यासाठी आपण विकत घेतो, तोच हा पालाश, आपल्याच रानातला. स्फुरदाचंही तसंच. रस निवळायला घातलेल्या चुन्याशी तो जुळतो, गाळ होऊन खाली बसतो आणि प्रेसमडमध्ये, म्हणजे गाळून काढलेल्या त्या गाळात, येतो.

चक्रीय अर्थव्यवस्था म्हणतात ती हीच. राख आणि प्रेसमड रानात परतले, तर जिल्ह्याबाहेर जातं ते मुख्यतः हवा-पाणीच.

नत्र मात्र आपणच घालवतो. तोडणीनंतर हेक्टरी ८ ते १० टन पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, उरतं. ते पेटवलं की त्यातलं बहुतेक नत्र धुरात जातं आणि काजळी दोरीवरच्या धुण्यावर येऊन बसते. 'आग दिली की रान शुद्ध होतं' ही समजूत सोडायला हवी. एका बाटलीत एकराचं खत देणाऱ्यांवरही विश्वास ठेवू नका, पालाशचा अणू कुठल्याही द्रावणातून नव्यानं जन्मत नाही.

पाचट ठेवलं की खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेला ऊस, पिवळा पडतो, ही तक्रार खरी आहे. पाचटात कार्बन भरपूर आणि नत्र फार थोडं. ते कुजवणारे जिवाणू स्वतःचं शरीर बांधायला जमिनीतलं नत्र उचलतात आणि उसाला काही दिवस कमी पडतं. म्हणून टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो जिवाणू खत टाकून पाचट ओलं ठेवायचं. जिवाणू मेले की नत्र परत मिळतं.

त्या आजोबांनी यंदा सरीआड सरी पाचट ठेवलं. परवा त्यांनी हातानं ते उचलून दाखवलं. खाली पांढरी बुरशी, ओली भुसभुशीत माती, दोन गांडुळं. "हे जमंल," ते म्हणाले, "पण प्रेसमडात निम्म्याहून जास्त पाणीच. कारखान्यापासनं रानापर्यंत त्या पाण्याचं भाडं कोण देणार?"